हात सोडल्याची गोष्ट

बुधवार, १२ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज भाच्याला, सुभाषला, मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तापीत त्याचा दोस्त बुडाला त्याला वर्ष झालं. तेव्हापासून झोप नाही, लूमवर कापड विणताना दचकतो, उजवी मूठ सदा आवळलेली.

बाईंनी त्याला विचारलं आणि मीच सुरू झाले. घरी येईल त्याला सांगते तेच, “आमच्या सुभाषनं शेवटपर्यंत दोस्ताचा हात सोडला नाही.”

बाई म्हणाल्या, “आजी, त्यांना बोलू द्या. नाही बोलले तरी चालेल.”

तो खाली बघत म्हणाला, “आत्या, हात मी सोडला होता. नाहीतर मीही गेलो असतो.”

वर्षभर काय करत होते मी? कौतुक की जखमेवर मीठ?

वेळ लागेल, दर बुधवारी या, असं बाई म्हणाल्या. “येईन,” म्हणाला.

घरी येऊन चहा ओतला, तोच शेजारची कमल हजर. “काय हो जिजी, कसा आहे आपला बहाद्दर? सांगा ना ती हाताची गोष्ट, माझी नणंद आलीय.”

गोष्ट अगदी जिभेवर आली होती. म्हटलं, “चहा घ्या आधी, थंड होतोय.”

सुभाषनं माझ्याकडे पाहिलं. मग कपासाठी हात पुढे केला. उजवा.