न भाजलेला कोपरा

शहापूर,
२९ एप्रिल २०२४

ती. बाबांना,
योगिनीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनच करणार होते, पण आपल्याकडे रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं आणि खाली निम्मं गाव कान देऊन उभं असतं. म्हणून पत्र.

आमच्या रानराखण मंडळाने यंदा राब न भाजता भाताचं रोप करायचं ठरवलं आहे. दरवर्षी राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या, आणि वारा फिरला की आग रानात. त्याऐवजी शेणखताचा गादीवाफा. पहिला वाफा कोण देणार, असं शेखर सरांनी विचारलं तेव्हा सगळे छताच्या पंख्याकडे बघू लागले. तो बंदच असतो. सर वीज वाचवतात. मी हात वर केला. तुम्हाला न विचारता केला, त्याबद्दल रागवा, पण रस्त्याकडचा वाफा द्या. रोप फसलं तर मला मंडळात तोंड दाखवता येणार नाही.

बाकी ठीक. कचेरीसमोरच्या उंबराची फांदी पत्र्यावर आपटते. ती छाटायच्या अर्जावर झाडं वाचवणाऱ्यांपैकी सही कोण करणार? म्हणून आम्ही सगळे एकाच कोपऱ्यात दाटीने बसतो.

आईला नमस्कार, अंजूला चिमटा. माया आहे तशी राहू द्या.

तुमची
योगिनी

टोकावडे,
६ मे २०२४

चि. योगिनीस बापाचा आशीर्वाद.

आमी सर्व खुशाल. पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीला शिकवलीत ना, आता भोगा. मग म्हणाली, ती जेवते का ते विचारा. तर जेवतेस का?

वाफा दिला. पण एक ध्यानात ठेव गो, त्याचं रोप फसलं तर लावणीला उसनं रोप मागायला मला शेजारच्या नथूच्या दारात जावं लागेल. आणि नथू ते मरेपर्यंत विसरू देणार नाय. पोरगी पदवी घेऊन आली ती शेती विसरायला का, असं त्याने आताच विचारून घेतलं.

शेणखत टाकलंय. बाकी मी बघतो. तू मे महिन्यात इकडे येऊ नको, ऊन फार आहे.

तुझा
बाप भगीरथ

शहापूर,
१ जुलै २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुम्ही आमच्या सगळ्यांना नाचणीची भाकरी वाढलीत, तिच्यावर मंडळात अजून चर्चा चालू आहे. पण जास्त चर्चा रोपाची! सर चिखलात गुडघे टेकून बसले. माती काळसर दिसते, हे शेणखताचं तेज, असं ते म्हणाले. तुम्ही तेव्हा खोकायला लागलात, औषध घ्या.

मंडळातल्या मनस्वीताईंनी काढलेला तुमचा आणि रोपाचा फोटो आता भिंतीवर आहे, सरांच्या फोटोपेक्षा मोठा. तो पाहून धसईकडच्या चार पाड्यांनी पुढच्या वर्षी राब अजिबात भाजायचा नाही असं कबूल केलंय. चौदा तारखेला त्यांच्यापुढे भाषण मी करायचं आहे. बाबा, तुमच्यामुळे मला खरं बोलल्याचं समाधान मिळतंय.

तब्येतीला जपा आणि लेकीवरचा लोभ वाढवा.

योगिनी

टोकावडे,
७ जुलै २०२४

प्रिय ताईस,
सा. न.

तू भाषण पाठ करतेस असं आईने सांगितलं. म्हणून झोप लागेना.

मे महिन्यात बाबा दोन संध्याकाळी ऐनाचे भारे आणत होते. वासरासाठी, म्हणाले. ताई, आपलं वासरू वाळका पाला हुंगतसुद्धा नाही. मग तुझ्या वाफ्यावरून धूर निघाला. मी विचारलं तर म्हणाले, डास फार झालेत.

पोरीची मान खाली जाऊ नये म्हणून केलं, असं ते आईला म्हणताना ऐकलं. फक्त वाफ्याच्या सागाखालच्या कोपऱ्याला पाला पुरला नाही. तिथलं रोप बारीक आहे, दोन बोटं कमी, पण आहे. तुम्ही आलात तेव्हा बाबा त्याच्यापुढेच छत्री उघडून उभे होते.

मी सांगितलं हे त्यांना सांगू नकोस. सांगितलंस तर निदान माझ्यासाठी शहापूरला एक खाट बघून ठेव.

तुझी
अंजू

शहापूर,
१६ जुलै २०२४

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. कोणी सांगितलं ते विचारू नका, आणि अंजूकडे बघू नका.

आधी खूप रडले. मग सरांकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि उठून पंखा लावला. आजवर लावला नव्हता, म्हणून मला वाटलं, नोकरी गेली. पण ते वारा घेत एवढंच म्हणाले, की चार पाड्यांची रोपं पुढच्या वर्षी बुडाली असती तर ती आपण बुडवली असती. मग स्वतः स्टुलावर चढून फोटो उतरवला.

धसईला भाषण केलं नाही, जे झालं ते सांगितलं. मग सकुबाई नावाच्या म्हाताऱ्या आजी हसायला लागल्या. असा बाप पेरणीपर्यंत बांधून ठेवायला हवा होता, असं त्या म्हणाल्या आणि सगळा मंडप हसला. शेवटी ठरलं, की राब कोणीच एकदम बंद करायचा नाही. प्रत्येकाने वाफ्याचा एक कोपरा न भाजता ठेवायचा आणि काय उगवतं ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. खोट्या फोटोला चार पाडे होते. खऱ्या कोपऱ्याला सात झाले.

तुमच्यावर रागावले आहे. तरी सागाखालचं रोप फेकू नका, वेगळं लावा.

तुमचीच
योगिनी

टोकावडे,
१९ ऑगस्ट २०२४

चि. योगिनीस आशीर्वाद.

तू धसईला सांगितलंस, आणि तुझी प्रेमा आत्या तिथेच नांदते हे विसरलीस. बाजारात गेलो तर भाजीवाली विचारते, भगीरथभाऊ, विझला का राब? आत्याने चहाआधी शिव्या दिल्या, नंतरही दिल्या.

सागाखालचं रोप विहिरीच्या अंगाला लावलंय. वाढ कमीच आहे, उगाच हुरळून जाऊ नको. पण फुटवा धरलाय. मी सहज बघायला जातो. रोज सहज कसा जातोस, असं नथूने विचारलं. वासरू शोधतो म्हटलं. वासरू माझ्या मागेच उभं होतं.

मी चुकलो गो. तुला खोट्यात पाडायचं मनात नव्हतं.

पुढच्या वर्षी रस्त्याकडचा वाफा पुरा तुझा. मे लागला की घरातली काडेपेटी तुझ्या आईच्या पदराला बांधणार आहे. बिडीसुद्धा तिला विचारून ओढीन. तू मात्र त्या महिन्यात ये. ऊन काही फार नसतं.

तुझा
बाप भगीरथ