तिसरी सही

फॉल रिव्हर
२० ऑक्टोबर २००९

आदरणीय फुर्ताडो बाई,

नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. आईनं केल नावाच्या पालेभाजीचं सूप बनवलंय, ते सोबत पाठवते आहे. बरणी परत करायची घाई नाही.

माझा भाऊ दुआर्त काल शाळेतल्या तुमच्या समुपदेशन खोलीतून हात हलवत घरी आला. तुम्ही म्हणालात, "बाळा, आपल्या शाळेतून त्या कॉलेजला नोव्हेंबरच्या फेरीचा अर्ज जाणार नाही. जानेवारीत बघू."

बाई, घरातली पहिली पदवीधर म्हणून असली गणितं माझ्याच वाट्याला येतात. त्या कॉलेजनंच छापलंय: नोव्हेंबरच्या फेरीत शंभरातले अडतीस घेतात, जानेवारीत नऊ. तुम्ही म्हणाल, अडतीसांत नावा वल्हवणारे खेळाडू आहेत, माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत. ते वगळून मी अंदाज बांधला. अठरा उरतात. नऊच्या दुप्पट.

नोव्हेंबरचा अर्ज म्हणजे वचन, हे मान्य. जागा मिळाली की बाकीचे अर्ज मागे घेऊन तिथंच जायचं. म्हणून मुलाची, पालकाची आणि समुपदेशकाची अशा तीन सह्या लागतात. श्रीमंतांच्या पोरांना हे वचन जड जात नाही. आमच्या पोरांनी मात्र दहा ठिकाणच्या शिष्यवृत्त्या तोलत थांबावं, आणि तोवर जागा भरून जाव्यात. हे मला मान्य नाही.

इथवर लिहून दोनदा पेन खाली ठेवलं. तुम्ही सही का करत नाही हे दुआर्तला माहीत नाही. मला आहे.

पाच वर्षांपूर्वी त्याच कॉलेजच्या नोव्हेंबरच्या फेरीसाठी केलेल्या माझ्या अर्जावर आईची सही मीच केली होती. डिसेंबरात जागा मिळाली तेव्हा तिला कळलं. ती म्हणाली, "माझ्या नावानं शब्द दिलास? मग तो मीच मोडते." तुम्ही कॉलेजला फोन करून चूक शाळेची म्हणून सांगितलंत. त्यानंतर चार वर्षं त्यांनी आपल्या शाळेतलं एकही मूल घेतलं नाही. ती सही कुणाची, हे तुम्ही ओळखलं होतंत का, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

आज त्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाला मी सगळं लिहून कळवलं. मुख्याध्यापकांनाही प्रत दिली. जानेवारीपासून शाळेत तुमच्या हाताखाली मिळणारी नोकरी त्यांनी काढून घेतली तर घेऊ देत.

काल दुआर्तचा अर्ज आईला पोर्तुगीजमधून ओळ न ओळ वाचून दाखवला, खर्चासकट. तिनं तासभर उलटतपासणी घेतली.

"आणि मागाहून मन बदललं तर?"

"बदलायचं नाही," दुआर्त म्हणाला.

"मग दे पेन," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "की तूच करतेस? तुला छान येते माझी सही."

अर्ज सोबत आहे. दोन सह्या खऱ्या आहेत. मुदत एक नोव्हेंबरची. तुम्ही नाही म्हणालात तर शुक्रवारी तुमच्या खोलीबाहेर बसेन, सोमवारीही बसेन. शिक्षा द्यायची असेल तर मला द्या. दुआर्तनं काही केलेलं नाही.

तुम्ही पाठीशी घातलेली,
नातेर्सिया मेदेइरोस