नव्या गाडीतले लाल दिवे

लातूर, गुरुवार

आदरणीय व्यंकटराव यांना, बसवंतचा मनापासून नमस्कार.

तुमचे गुडघे, म्हैस आणि तूर यांची खुशाली कळवावी (गुडघ्यांची आधी). इकडे मी आणि तुमची बहीण रेणुका ठीक आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्ही ‘हाव, हाव, बरंय’ म्हणून ठेवून देता आणि ही हकिकत दोन ‘हाव’मध्ये बसणारी नाही. तुमचे भाचे आदर्श जूनपासून नांदेडला अकरावीला आहेत. बाप लातुरात फिजिक्सचा क्लास चालवतो, लोकांच्या पोरांना डॉक्टर करतो, आणि हे चिरंजीव म्हणाले, ‘पप्पा, घरीपण तुम्ही अन् क्लासमध्येपण तुम्हीच, एवढं मला झेपायचं नाही.’ मुद्दा बिनतोड होता, म्हणून मुकाट्यानं फी भरली.

तर विषय गाडीचा. दसऱ्याला नवीकोरी पांढरी गाडी घेतली. आठवडाही झाला नसेल, एका सकाळी किल्ली फिरवली तर समोर लालेलाल! बॅटरीचा दिवा, स्टिअरिंगचा दिवा, ब्रेकचा दिवा, आणि एक नुसतंच उद्गारचिन्ह (ते कशाबद्दल आहे हे सांगत नाही, फक्त दचकवतं). आमच्या लग्नाच्या मांडवात एवढे दिवे नव्हते, हे तुम्हाला आठवत असेलच. शोरूमवाल्यांनी चहा पाजला, लॅपटॉप जोडला, ‘सर, अपडेट मारलाय’ म्हणाले. दोन दिवस शांतता, तिसऱ्या दिवशी पुन्हा दिवाळी. मग बॅटरी बदलून दिली. नवी बॅटरीही जुन्या बॅटरीच्या वळणावर गेली. मग म्हणाले, ‘सर, तुम्ही गाडी चालवतच नाही, म्हणून चार्ज होत नाही.’ झालं, मी रोज संध्याकाळी औशाला जाऊन येऊ लागलो. औशात माझं काडीचं काम नाही. तिथला पानवाला आता मला ओळखतो आणि माझी कीव करतो. शेजारच्या शिवम्माकाकूंनी नजर लागल्याचं निदान केलं, लिंबू-मिरची बांधली आणि बॉनेटवरच नारळ फोडला. पाणी आत उतरलं आणि आजवर न दिसलेला एक पिवळा दिवा उगवला. शेवटी हरून मी ‘उभ्या गाडीची बॅटरी का उतरते?’ हा प्रश्न बारावीच्या बॅचला फळ्यावर घातला. मग एकानं विचारलं, ‘सर, हे नीटला येतं का?’ नाही म्हटल्यावर सगळ्यांनी पेनं खाली ठेवली.

उदगीर रोडवर ग्यानोबा नावाचा एक मेकॅनिक आहे, त्याच्याकडं गेलो. त्यानं तपासून सांगितलं, ‘सर, बिघाड काहीच न्हाई. दार रातभर उघडं राहून राहिलंय. दार उघडं असलं की गाडी झोपत न्हाई. बॅटरी उतरती, अन् मंग सगळेच दिवे बोंबलतेत.’ मला रागच आला. रोज रात्री मी स्वतः कुलूप लावतो आणि वर एकदा ओढूनही बघतो. मग मला शेजारच्या होस्टेलच्या पोरांचा संशय आला (लातुरात काहीही झालं की आधी होस्टेलच्या पोरांचा संशय घ्यायचा असतो). दुसऱ्या दिवशी गजराच्या आधी उठलो आणि काठी घेऊन खाली उतरलो.

गाडीचं मागचं दार उघडं होतं. ते मिटू नये म्हणून फटीत एक चप्पल अडकवलेली होती. आत मागच्या सीटवर, पाय पोटाशी घेऊन, गोधडीत रेणुका झोपली होती. व्यंकटराव, त्या क्षणी हातातली काठी कुठं ठेवावी हेसुद्धा मला सुचेना.

गाडी आल्यापासून ती रोज तिथंच झोपते. मी पाच बॅच घेऊन आडवा झालो की मेल्यासारखा पडतो, मग ती खुंटीवरची किल्ली घेऊन बाहेर जाते, आणि मी उठायच्या आत येऊन चहा ठेवते. त्याआधी आम्ही वर्षानुवर्षं पत्र्याच्या घरात राहिलो, तिथं ती नीट झोपायची. मे महिन्यात या स्लॅबच्या घरात आलो, वर क्लास, खाली आम्ही. वर दोनशे पोरांची बाकं आहेत. पहाटेच्या बॅचला ती सरकली की आमच्या खोलीचं छत घुमतं. मी लोकांना ऐटीत सांगायचो, आमच्याकडं लक्ष्मी वरच्या मजल्यावर नाचते! रेणुका म्हणाली, ‘तुम्हाला बाकं ऐकू येतात. मला रोज ती सकाळ ऐकू येते.’ मी म्हटलं, पण गाडीतच का? तर म्हणाली, ‘वर पत्रा आहे. पत्र्याखाली माणूस जगतं.’ मग निदान दार तरी लावून घे, थंडी आहे, असं म्हटलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, ‘अन् अडकलं तर?’

भूकंप झाला तेव्हा ती इथं लातुरात अकरावीला होती. तुमच्या आई सरजाबाईंनीच तिला शिकायला पाठवलं होतं. विसर्जनाची मिरवणूक आटोपून तुम्ही बाहेर ओट्यावर झोपलात आणि आई आत. भिंत दारावर आली. तुम्ही हातांनी दगड उपसत होता, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्यापुढचं कुणालाच माहीत नाही, कारण तुम्ही बोलत नाही आणि ती विचारत नाही. मला लई वाईट वाटतं, हे एवढंच मला लिहिता येतं.

असो. ही गाडी काही आम्हाला लाभली नाही. निलंग्याकडं कुणी गिऱ्हाईक असेल तर बघावं.

आपला,
बसवंत

ता. क. गिऱ्हाईक बघू नका. गाडी विकली तर ती झोपणार कुठं? क्लास दुसरीकडं हलवतोय, पण चालू वर्ष संपेपर्यंत जागा मिळत नाही. तोवर मीही पुढच्या सीटवर झोपतो. (स्टिअरिंग पोटात रुततं. दोघं आत असलो तरी दार उघडंच असतं.) तुम्ही या. गुडघ्यांचं कारण सांगू नका, मी न्यायला येतो.

ता. क. २. आता खरं लिहितो. परवा गाडीत पडल्या पडल्या तिनं मला विचारलं, ‘आई हाका मारत होती का? दादा तुम्हाला कधी काही बोलला का?’ इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, ‘हो, बोलले होते. आई झोपेतच गेली म्हणाले.’ तुम्ही मला असं काही बोलला नाहीत. पण ती आता तुम्हालाही विचारील. खरं काय ते मी तुम्हाला कधीच विचारणार नाही. तिला मात्र एवढंच सांगा. हे बोलणं तुम्हाला किती जड जाईल, याची मला कल्पना आहे, म्हणून आधी कळवलं.