नोराबाईंचा घास

वॉटफर्ड, ऑक्टोबर १९९३

ती. सुमनताईस,

शशीचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही खुशाल आहोत, आणि नोरा डोलनही जिवंत आहे. तिच्या आयर्लंडमधल्या गावच्या फादर कीननी काल स्वतः फोन करून तसं सांगितलं. बातमी आनंदाची खरी, पण आम्ही सर्वपित्रीला तिच्या नावाचा घास ठेवून मोकळे झालो आहोत.

झालं असं. आपल्या जयंतची बायको बर्नडेट (लग्नात तुला वाकून नमस्कार करताना तुझ्या चष्म्यावर आपटली होती, तीच) हिची आजी तरुणपणी आयर्लंडहून आली आणि मागच्यांबद्दल मरेपर्यंत अक्षर बोलली नाही. दिवस गेल्यापासून बर्नडेटला पूर्वजांचा ध्यास लागला. चर्चच्या जुन्या नोंदींच्या प्रती आल्या आणि मी (पॅथॉलॉजीत जन्म गेला, बारीक बघायची सवय) भिंग घेऊन बसलो. आजीची सगळी भावंडं सापडली, प्रत्येकाचा बाप्तिस्मा आणि दफन. थोरल्या नोराचा मात्र नुसता बाप्तिस्मा. ती आज नव्वदीच्या पुढे असती, म्हणून मी तिला बेधडक मृतांत घातलं आणि थडगं कुठे आहे, हे विचारणारं पत्र फादरना टाकायला सांगितलं.

तेवढ्यात सर्वपित्री आली. बर्नडेट म्हणाली, "बाबा, माझे पीपलपण भुकेला असेल ना?" गोत्र माहीत नसेल तर काश्यप, एवढं मला ठाऊक होतं. अख्खा आयरिश गोतावळा मी काश्यपगोत्री करून टाकला. तुझ्या भावजयीने, सुनीतीने, खीर-वडे केले, आधी आपल्या अण्णांचा आणि मग नावागणिक घास बागेतल्या शेडवर मांडले. इथले कावळे एरवी ढुंकून बघत नाहीत. त्या दिवशी झडप घालून सगळे घास नेले. नोराचा सोडून. त्याच्याभोवती ते गोल बसले आणि आमच्या खिडकीकडे बघत राहिले. एकही ओरडला नाही. मग एकदम उडाले. घास जागेवर नव्हता, आणि तो उचलला जाताना आम्ही कुणीच पाहिला नाही.

फादर म्हणाले, "थडगं कसलं शोधताय? बाई नन्सच्या वृद्धाश्रमात आहेत, सकाळीच माझ्याशी भांडल्या." पण त्यांनी सांगितलं, आमच्या सर्वपित्रीच्या दुपारीच तिने ताट परत पाठवलं होतं. मी जेवले, म्हणाली. लांबून कुणी नाव घेऊन बोलावलं, गोड दुधातलं काहीतरी वाढलं, तळलेलं मात्र फार कडक होतं. (सुनीतीला भीतीच्या आधी राग आला. "तिला वड्यातलं काय कळतंय!" म्हणाली, आणि मग देवापाशी दिवा लावायला गेली.) तेव्हापासून ती चहापावावर आहे. आश्रमातलं अन्न नको, तेच हवं, म्हणते. बर्नडेट सारखी विचारते, "आपण तिला मारला का, बाबा?" दिवाळीच्या आधी फादर तिला बोटीने आणणार आहेत. जयंत होलीहेड बंदरावर गाडी घेऊन जाईल.

तुझा,
शशी

ता. क. खरं काम असं, की जिवंत माणसाला चुकून ठेवलेला घास परत घेता येतो का, हे तुमच्या गुरुजींना विचार आणि लगेच फोन कर. माझं नाव सांगू नकोस.

ता. क. दुसरा. आत्ताच फादरचा पुन्हा फोन आला. नोरा म्हणते, पंगतीत शेजारी एक उघडेबंब, टकले गृहस्थ होते, कानाच्या वरच्या पाळीत मोती. तिच्या वाटीतली खीर मागून घेत होते. ताई, आपले अण्णाच; स्वतःच्या बापाला मी ओळखणार नाही? फादरशी मी अण्णांबद्दल कधीही बोललेलो नाही. त्यांनी तिच्याजवळ निरोप दिलाय, "सुमनसाठी". तो ती फादरना सांगत नाही. इथे येऊन, पोटभर जेवून, मगच सांगणार आहे.