साहेबांच्या डोक्यावरचं छप्पर

आदरणीय थोरले साडूभाऊ,

धाकट्या साडूचा साष्टांग नमस्कार. (हल्ली माझा बराचसा वेळ जमिनीवर पालथं पडण्यात जात असल्यामुळे साष्टांगासाठी वेगळे कष्ट पडत नाहीत. कारण पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईंची पाठ? आणि तुम्ही स्वतःच्या हातांनी केलेलं ते चपलांचं कपाट? त्याची तब्येत मुद्दाम विचारतो, कारण आमच्या घरात माणसांच्या आधी त्याचीच आठवण निघते. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्या खुशालीतले बारकावे खाली दिले आहेत, ते तुमचा चहा पिऊन झाल्यावर वाचावेत.

आपले सासरे, अण्णा, आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी एक बॅग, एक खुर्ची आणि सासूबाईंची माशांची काचेची टाकी एवढंच बरोबर आणलं होतं. टाकीची एक बाजू तुम्हीच धरली होतीत, त्यामुळे तिचं काचेचं झाकण जिन्यात कोणाच्या हातून निसटून फुटलं हा विषय मी इथे काढत नाही. टाकीत दोन मासे. एक तो बशीएवढा, काळा-नारिंगी, जाड ओठांचा. त्याचं नाव अण्णांनी 'साहेब' ठेवलं, कारण तो कोपऱ्यातून त्यांच्या जुन्या कचेरीतल्या साहेबासारखा बघतो. तुमचं काम त्याला पसंत पडलेलं नाही, पण काय पसंत पडलेलं नाही ते तो सांगणार नाही, अशी ती नजर. दुसरी मासोळी सासूबाईंची लाडकी. तिला नावच नव्हतं. अण्णा तिला नुसतं 'अगं' म्हणायचे. सासूबाई गेल्यावर घरात 'अगं' म्हणायला त्यांना तेवढीच उरली होती.

ही 'अगं' मागच्या महिन्यात एका दुपारी टाकीतून उडी मारून सोफ्यामागे पडली आणि कोणाला पत्ताही लागला नाही. अण्णा उठून आले तेव्हा उशीर झाला होता. ते रडले नाहीत, रागावले नाहीत. जेवणापुरतं बोलत राहिले, आणि मग एकदा तुमच्या मेहुणीला अगदी शांतपणे म्हणाले, "तुझ्याकडे मला काही कमी नाही गं. पण मोठ्या जावयांकडे प्रत्येक गोष्टीला झाकण असतं. साहेबांचंही काही बरंवाईट झालं, तर मी आपला तिकडेच जाईन म्हणतो." मी स्वयंपाकघरात उभा राहून हे ऐकलं. साडूभाऊ, तुमच्यापुढे लपवण्यात अर्थ नाही, मला ते फार लागलं.

आता सरळ माणसाने काय केलं असतं? नाक्यावर काचवाला आहे, त्याच्याकडून मापाची काच कापून आणली असती. हिने तेच सुचवलं. पण मी काही तरी लाकडी, देखणं छप्पर करायचं मनात घेतलं होतं, आणि तेही स्वतःच्या हातांनी. (तुमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधी ते चपलांचं कपाट दाखवलं जातं आणि मग पाणी विचारलं जातं. इतकी वर्षं मी त्या कपाटासमोर उभा राहून मान डोलावत आलो आहे. मानेलाही काही मर्यादा असतात.) शाळेतून आलो की गॅलरीत लाकूड मांडायचं, चौकटीच्या कागदावर आराखडा पसरायचा आणि तुमच्या उसन्या करवतीने कापत बसायचं, असा माझा क्रम सुरू झाला. धुणं वाळत घालायला हिला शेजारच्या गॅलरीचा आश्रय घ्यावा लागला. अण्णा खुर्ची टाकीजवळ ओढून, टाकीवर टॉवेल पसरून, त्याचं एक टोक हातात धरून बसलेले असायचे. ते मला घाई करत नव्हते, पण तो टॉवेल करत होता.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. मी गणिताचा मास्तर. गणितात उत्तर साधारण बरोबर आलं असं कधी नसतं. साहेब उडी मारतो म्हणजे फट नको, आणि फट नको म्हणजे एक सूतही नको, असं मी ठरवून टाकलं. टाकीच्या काठावर आतून-बाहेरून बसेल अशी खाच असलेली चौकट केली, तिच्यावर फळी ठेवून स्क्रू पिळले, मागे हवेच्या नळीपुरती खोबण आणि समोर खाणं घालायला तळहाताएवढं दार ठेवलं. बाहेरून तीनदा पॉलिश दिलं. आतून मात्र पॉलिशचा वास साहेबांना बाधेल म्हणून लाकूड कोरंच ठेवलं, ही तुमच्या मेहुणीची सूचना, आणि ती मला तेव्हा फार शहाणपणाची वाटली. स्क्रूंच्या डोक्यांवर लांबी, म्हणजे सुतारांची ती पुट्टी, भरून, घासून, त्यावरही असं पॉलिश मारलं की ते कुठे आहेत हे मलाही शोधून सापडू नये. (तुम्ही कधी आलात तर बोट फिरवून स्क्रू मोजाल, ही धास्ती होती.) शनिवारी छप्पर टाकीवर चढवलं. ते बसलं म्हणजे काय बसलं. कागदाची कड घुसेना. अण्णांनी सगळ्या कडेवरून नख फिरवलं आणि बसलं खरं, एवढंच म्हणाले. टॉवेलाची घडी करून तो त्यांनी कपाटात ठेवला तेव्हा मला नोकरीत कायम झाल्याच्या दिवसापेक्षाही बरं वाटलं.

रविवारी सकाळी अण्णा फिरायला गेले. मी वर्तमानपत्र उघडलं, आणि घरात काही तरी कमी आहे असं वाटायला लागलं. थोड्या वेळाने उलगडा झाला. टाकीतल्या बुडबुड्यांचा आवाज येत नव्हता.

झालं होतं असं, की रात्रभर पाण्याची वाफ त्या कोऱ्या लाकडाने पोटभर पिऊन घेतली होती. बाहेर पॉलिश, त्यामुळे ओल बाहेर पडायला वाव नाही. लाकूड फुगलं. खाच काचेला अशी काही आवळली, की मागच्या कडेखालून जाणारी हवेची नळी चेपून बंद झाली आणि पंप धापा टाकून गरम होऊन गप्प पडला. समोरचं छोटं दार चौकटीत रुतलेलं. मी ओढलं, तर त्याच्या कडेचं पॉलिश तेवढं नखांत आलं आणि दार होतं तिथेच. आत साहेब पाण्याच्या अगदी वरच्या थराला येऊन तोंड उघडझाप करत होता. आजवर त्याने माझ्याकडे कधी विनंतीच्या नजरेने पाहिलं नव्हतं. तो प्रसंग त्याच्यावर मी आणला.

मी छप्पर दोन्ही हातांनी धरून वर उचललं. छप्पर आलं, आणि त्याच्याबरोबर अख्खी टाकीही एका बाजूने वर आली. कुठे तरी काच करकरली. मी जसा होतो तसाच थिजलो. तुम्हाला माहीतच आहे, आमच्या बरोबर खाली वकील राहतात आणि त्यांची पुस्तकांची कपाटं आमच्या टाकीच्या बरोबर खाली आहेत. हिने खालून आधार दिला आणि आम्ही दोघांनी श्वास रोखून टाकी परत टेकवली. हातोडी मारावी तर काच फुटणार, करवत चालवावी तर भुसा साहेबांच्या कल्ल्यांत जाणार. मग मी हिचं केस वाळवायचं यंत्र आणलं आणि छपराला गरम वारा घालू लागलो. तीन हात पॉलिशमधून तो वारा कुठला आत जायला. पॉलिश मात्र जास्तच चकाकायला लागलं.

ही खिडकीत जाऊन उभी राहिली आणि बातम्या देऊ लागली. अण्णा कोपऱ्यावर आले. अण्णा शिंप्याच्या दुकानापाशी थांबले, बोलताहेत. अण्णा निघाले. अण्णांच्या बुटाची नाडी सुटली, वाकताहेत. (त्या नाडीचे उपकार मी जन्मात विसरणार नाही.) तेवढ्यात तिने स्वयंपाकघरातून उलथनं आणलं, मागच्या कडेखाली घातलं आणि अंगातलं सगळं बळ लावून कड इतकीच उचलली की चेपलेली नळी मोकळी झाली. पंपाला नळी जोडली, बटण दाबलं. पंपाने जीव सोडलेला. साहेब आता तिरका व्हायला लागला होता. मी आडवा झालो, नळीचं टोक तोंडात धरलं आणि फुंकायला लागलो.

पाण्यात बुडबुडे आले. साडूभाऊ, मास्तरकीत मी आयुष्यभर तोंडाची वाफ दवडली, पण तिचा कोणाला उपयोग होताना प्रथमच पाहिला. साहेब हळूहळू बुडबुड्यांपाशी सरकला. डोळ्यांसमोर काजवे चमकत होते, कानात शिट्ट्या वाजत होत्या, आणि नेमकं त्याच वेळी दारात अण्णा उभे राहिले.

त्यांनी काय पाहिलं असेल ते डोळ्यांसमोर आणा. घरचा जावई फरशीवर पालथा, गाल फुगलेले, तोंडात नळी. शेजारी मुलगी हातात उलथनं घेऊन उभी. मला काही सांगताही येईना, कारण बोलायचं तर नळी सोडावी लागणार. अण्णांनी बूट काढले, जागेवर ठेवले, आणि जो माणूस गेली कित्येक वर्षं खुर्ची सोडून खाली बसलेला नाही तो भिंत धरत धरत माझ्याशेजारी फरशीवर बसला. टाकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या तोंडातली नळी काढून घेत म्हणाले, "तुम्ही जरा दम घ्या, जावईबापू. मी फुंकतो."

मग आम्ही आळीपाळीने फुंकत राहिलो. ते थकले की मी, मी थकलो की ते. नळी पुसायची कोणाला आठवण झाली नाही. मला त्या वेळी भडभडून येत होतं, पण नळी तोंडात असताना रडता येत नाही हे अनुभवाने सांगतो. अण्णांचे ओठ निळसर व्हायला लागले तेव्हा मला साहेबापेक्षा त्यांचीच भीती वाटायला लागली, आणि मी त्यांची पाळी आपल्याकडे ठेवायला बघू लागलो, तर ते नळी देईनात.

सुटका तुमच्या मेहुणीने केली. तिला आठवलं की वरची फळी स्क्रूंवर आहे. स्क्रू लावले मी, आणि विसरलोही मीच. कुठे आहेत ते काही केल्या सापडेना, इतकं माझं काम सफाईदार. पण लावताना बॅटरी तिने धरली होती, तिला एकूण एक जागा ठाऊक होती. केसातल्या पिनेने तिने लांबी उकरली आणि एकेक स्क्रू काढत गेली. शेवटचा काही केल्या फिरेना. तो एकदाचा फिरला, फळी वर उचलली, उजेड आत गेला, आणि साहेबाने जी उडी मारली ती थेट माझ्या चष्म्यावर आदळून अण्णांच्या मांडीवर. अण्णांनी गरम पातेलं उचलावं तसा त्याला दोन्ही हातांत घेतला आणि परत पाण्यात सोडला. "असं करायचं नाही," त्याला म्हणाले.

दुपारपर्यंत नवा पंप आला. साहेब ठणठणीत आहे आणि पुन्हा पूर्वीसारखाच माझ्यावर नाराज आहे. चौकट अजून टाकीवरून निघालेली नाही, बहुधा निघणारही नाही. फळी तेवढी वर सुटी ठेवली आहे. मी अण्णांची माफी मागायला म्हणून संध्याकाळी त्यांच्या खोलीत गेलो, तर त्यांनी बॅग कपाटावरून खाली काढून पलंगावर ठेवलेली. मोठ्या जावयांना फोन करायचा आहे, एवढंच म्हणाले. मी बरं म्हणून बाहेर आलो. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. आज शाळेत फळ्यावर उदाहरण घातलं आणि स्वतःच चुकवलं.

असो. ताईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला जपा.

आपला,
धाकटा साडू

ता. क. तुमची करवत परत पाठवत आहे. ती थोडी वाकली आहे, पण वाकण्याची दिशा एकच आहे.

ता. क. २. आता खरं कारण. अण्णांचा फोन येईल. तुमच्याकडे येऊ का असं विचारतील. तुम्ही नाही म्हणा. काहीही सांगा. भिंतींना ओल आली आहे म्हणा, ताईंना माशांचा वास सोसत नाही म्हणा, घर रंगवायला काढलं आहे म्हणा. तुमच्याकडे त्यांची सोय माझ्यापेक्षा चांगली होईल हे मला मान्य आहे, लेखी देतो. पण मला त्यांच्याशिवाय करमायचं नाही. सकाळी उठल्यावर त्यांची खुर्ची रिकामी दिसली तर मी काय करू, मला ठाऊक नाही. वाईटपणा तुमच्याकडे येईल, तो तेवढा घ्या. तुमच्या कपाटाला मी यापुढे आपणहून दाद देईन.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात अण्णा मागे येऊन उभे राहिले. कोणाला लिहिताय म्हणाले. तुम्हाला म्हटलं. मग बरंच झालं म्हणाले, माझा फोन वाचला, त्यांना कळवा की टाकीवरच्या फळीला एक पितळी मूठ हवी आहे, त्यांच्याकडे चांगल्या असतात. डाव्या बाजूला लागेल अशी, कारण माझा उजवा हात वर जात नाही आणि फळी रोज मलाच उघडायची आहे. 'रोज' म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. पण बॅग अजून पलंगावरच आहे. तेव्हा मूठ लवकर पाठवा, आणि फोन आलाच तर नाहीच म्हणा.