तुळईतला अंगठा

प्रिय भाऊजींना वहिनीचा भरभरून आशीर्वाद. (वयानं तुम्ही माझ्याहून सहा महिन्यांनी मोठे आहात हे मला ठाऊक आहे, पण नात्यानं मी मोठी, आणि नात्यापुढं कॅलेंडरचं काही चालत नाही.) गुडघे कसे आहेत? उजवा जास्त दुखतो की डावा ते विसरले, म्हणून दोघांचीही एकदमच चौकशी करते. लेक बरी असेल. जावई अजून प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरतात का? खाकरू देत, माणूस चांगला आहे.

आमच्याकडं सगळं ठीक आहे. पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नका, कुणी आजारी नाही. नात म्हणाली, आजी, सरळ फोन कर की. पण फोनवर तुम्ही "हं, हं, बरं, ठेवू का?" एवढंच बोलता, आणि मला अख्खं तळघर सांगायचंय. ते फोनमध्ये मावत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली (परीक्षेला बसले नाही, पण वर्गात बसले होते), तेव्हा काने-मात्रे तुमचे तुम्ही लावून घ्या. आणि एक आधीच सांगून ठेवते. तुम्हाला बोलावण्यासाठी हे पत्र नाही. मुळीच नाही. नुसती बातमी म्हणून लिहितेय.

तर झालं असं, की मागच्या सोमवारी मी तळघरात कपडे वाळत घालत होते आणि चष्म्यावर एक थेंब पडला. वर बघते तर काय! ज्या तुळयांवर आमचं स्वयंपाकघर उभं आहे, त्या सगळ्या काळ्याठिक्कर, आणि मधूनमधून कापूस पिंजून लावावा तशी पांढरी बुरशी. तुम्ही दोघा भावांनी घासूनपुसून चढवलेल्या तुळया हो त्या! मी धावत वर गेले आणि थोरल्याला सांगितलं. तीच चूक झाली. थोरला म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, जन्मभर कचेरीत कागदांच्या कडा जुळवलेल्या, लाकडातलं त्याला एवढंच कळतं की खुर्चीला चार पाय असतात. तो बॅटरी घेऊन स्टुलावर चढला, डॉक्टरसारखं नाकानं हुंगून बघितलं आणि म्हणाला, "आई, तुळया कुजल्या. ओटा एक दिवस खाली येणार." दोन दिवस मला ओट्याशी चवड्यांवर चालायला लावलं. मी आणि चवड्यांवर! भांडीसुद्धा हसली असतील.

एवढ्यावर भागलं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. पण तो म्हणाला, तुळया काढून टाकू, तळघर माती घालून बुजवू, वर पक्की फरशी करू, कायमची कटकट मिटेल. बरणीचं झाकण लावावं तसं म्हणाला. आणि वर विचारतो, "तसं तिथं आहे तरी काय?" आता काय सांगू भाऊजी? तुमच्या दादांचं कामाचं टेबल आहे, त्यांचा कोपर टेकून टेकून एका जागी वाटीसारखं झालेलं. पटाश्या आहेत, उंचीप्रमाणे शाळेतल्या रांगेत उभ्या. कानामागची अर्धी पेन्सिल आहे. आणि भिंतीवर रंध्याची जागा आहे, रिकामी. (तक्रार नाही. तुम्ही नेलात, मीच दिला होता.) हे सगळं मातीखाली जाणार म्हटल्यावर माझ्या घशाखाली घास उतरेना, आणि मी जेवले नाही की घरात किती बोलणी होतात ते तुम्हाला माहीत आहे.

पहिल्यांदा आला नळवाला. त्याला आम्ही "नाही-नाही" म्हणतो, कारण त्याचं प्रत्येक वाक्य नाहीनं सुरू होतं. चहा घेणार का विचारलं तर "नाही, घेतो ना" म्हणाला. त्यानं अर्धा तास भिंतीला कान लावला. मग घरातले सगळे नळ बंद करून आम्ही सगळे बाहेर पाण्याच्या मीटरसमोर उभे राहिलो, एखाद्याचा निकाल लागायचा असावा तसे. काटा हलला नाही. "नाही, तुमचं पाणी कुठं गळतच नाही," म्हणाला आणि बिस्किटं संपवून गेला.

मग आली एक तरुण बाई, ओल तपासणारी. तिच्याकडं दोन सुया असलेलं यंत्र होतं, ते लाकडाला टोचलं की लाकूड किती भिजलंय ते आकड्यात दिसतं. (मी हळूच माझ्या मनगटाला टोचून बघणार होते, सूनबाईनं हात धरला.) तिनं भिंतीवर प्लॅस्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी चिकटवला आणि उद्या येते म्हणाली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला, भिंतीकडून कोरडंठाक. म्हणजे ओल जमिनीतून येत नव्हती, खोलीतल्या हवेतूनच जमत होती, गार पाण्याचा पेला बाहेरून घामेजतो ना, तशी. तिनं सगळीकडं बघितलं आणि विचारलं, "आजी, ह्या खोलीला हवा कुठून येते?"

मी छताकडं बघितलं.

आता तुमच्यापासून काय लपवायचं. चारी भिंतींना वरती झरोके आहेत. तुमचे दादा म्हणायचे, लाकूड कापलं तरी त्याला श्वास लागतो, झरोके मोकळे ठेवायचे. ते गेल्यावर मी रोज खाली जाऊन पाच मिनिटं त्यांच्या स्टुलावर बसायचे. रंध्याच्या ढलप्यांचा वास, पॉलिशचा वास, आणि त्यांचा. पण महिन्या-महिन्याला वास कमी व्हायला लागला. मी विचार केला, दार तर मी बंद ठेवते, मग हा जातो कुठून? झरोक्यांतून जातो. दुसरं काय! म्हणून मी ते बुजवले. चांगले ठासून, थंडीत कानात बोळे घालावे तसे. आणि रोज खाली जायला काहीतरी निमित्त हवं म्हणून घरातले सगळे ओले कपडे तिथंच वाळत घालायला लागले. (सूनबाईला वाटायचं सासूबाईंना ऊन सोसत नाही.) दोन वर्षं! म्हणजे भाऊजी, तुळयांवर पाणी घालणारी ती मीच.

त्या मुलीनं एकेका झरोक्यातून ओढून काढायला सुरुवात केली. आधी गोधडी, मग मोठा टॉवेल. "अगंबाई, आणि मी दोन वर्षं हा शोधतेय!" सूनबाई म्हणाली. तिसऱ्यातून थोरल्याचा शाळेतला कोट निघाला. थोरला नुसता "आई!" म्हणाला. त्या एका आईत सगळं आलं.

पण तुळयांचं काय, ते अजून कळायचं होतं. तिनं ओल्या फडक्यानं पुसलं, काळं सगळं फडक्यावर आलं. मग स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकेक तुळई टोचायला लागली. घुसला तर कुजकी, अडला तर शाबूत. पहिली, टक्. दुसरी, टक्. थोरला बोटं मोजत होता, मी श्वास. पाचवीच्या मधोमध स्क्रू ड्रायव्हर लोण्यात जावा तसा अर्धा आत गेला. थोरल्याचं पाचवं बोट तसंच वर राहिलं. माझ्या डोळ्यांपुढं मातीचा ट्रकच उभा राहिला. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा थांबा, हे लाकूडच नाही."

मेण होतं भाऊजी. मेण आणि लाकडाचा भुसा, गोल भोकात भरलेला.

आठवलं ना? लाल होऊ नका, पन्नास वर्षं झाली. तुमचं गिरमिट चालवायचं पहिलंच वर्ष, माप भलत्याच टोकाकडून धरलंत आणि तुळईच्या मधोमध भोक पाडून बसलात. संध्याकाळी मामंजी काम बघायला येणार होते, आणि त्यांनी सांगून ठेवलं होतं की धाकट्याची आणखी एक चूक दिसली तर परत हत्याराला हात लावू देणार नाही. तुमच्या दादांनी तुम्हाला चहा आणायला पिटाळलं. तुम्ही चहा घेऊन आलात तोवर भोक नाहीसं झालेलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत, त्यांनी कधी सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही शपथ घालून. (आता मोडली. वर गेल्यावर बघून घेईन.)

आणि ऐका. मेणावर अंगठा उमटलाय. निम्मा स्क्रू ड्रायव्हरनं गेला, निम्मा आहे. दादांच्या अंगठ्यावरच्या, पटाशीनं कापलेल्या त्या आडव्या रेघेसकट. मी स्टुलावर चढले (दोघांनी धरलं होतं, तिसरा ओरडत होता) आणि माझा अंगठा त्यावर ठेवून बघितला. माझा त्यात मावून वर जागा उरली.

तुळया शाबूत आहेत. भोक वरच्या-खालच्या कडेला नाही, तुळईच्या उंचीच्या मधोमध आहे, त्यानं काही बिघडत नाही असं ती मुलगी म्हणाली. कपडे बाहेर वाळवायचे, झरोके उघडे ठेवायचे, एवढंच. तळघर बुजवायचं रद्द! मला इतका आनंद झालाय की त्या दिवशी मी दोनदा जेवले, आणि ओट्याशी मुद्दाम पाय आपटत फिरले.

आता खाली भरपूर वारा येतो. थोरला म्हणतो, बघ आई, कसं मोकळं वाटतंय. मी हो म्हणते. वास मात्र राहिला नाही. रस्त्यावर कुठंही येईल तसा आता तिथं वास येतो. जाताना त्या मुलीला मी हळूच विचारलं, तर म्हणाली, "आजी, वास कोंडून टिकत नाही. लाकूड तासलं की येतो." पोरीनं कामाचं तेवढं सांगितलं.

बाकी सगळं छान. गुडघ्यांना जपा.

तुमची,
वहिनी

ता. क. रंध्याला धार आहे ना? सहज विचारते. टेबलाखाली एक फळी सापडली. दादांनी एक अंग तासून ठेवलंय, दुसरं राहिलंय.

ता. क. दुसरा. तुम्ही म्हणाला होतात, दादाशिवाय त्या पायऱ्या उतरवत नाहीत. अकराच आहेत. थोरल्याकडून कठडा लावून घेतलाय, आणि पुढं मी चालेन.

ता. क. शेवटचा. चौथा झरोका, कपाटामागचा, अजून बंद आहे. कुणाला दिसलाच नाही, आणि मी बोलले नाही. तीन वर्षांपूर्वी तुम्ही इथं विसरून गेलात तो राखाडी स्वेटर त्यात आहे. मी काढणार नाही, दुसऱ्या कुणाला काढू देणार नाही. तुळया कुजल्या तर तुमच्यामुळं.