चौदा जणींपैकी एक

४ मार्च, सकाळी
आमची नात अश्लेषा ऑफिसात गणिताची कुलपं बनवते. तिने बिल्डिंगच्या भजनी मंडळातल्या आम्हा चौदा जणींना फोनवर एक बिननावी सही करून दिली. चिठ्ठी लिहायची, बटण दाबायचं; खाली उमटतं ‘चौदा जणींपैकी एक’. कोण ते कळत नाही. कुणी त्या चिठ्ठीवर तक्रार केली तरच अश्लेषा तिच्या किल्लीने नाव उघडणार. म्हटलं, सरी, बरं झालं! तिसरी शिकलेल्या बाईला आणखी काय पाहिजे?

५ मार्च
सेक्रेटरी कृष्णमूर्तींनी गच्चीला कुलूप घातलंय. सांडगे कुठे वाळवायचे, त्यांच्या टकलावर? हेच लिहिलं आणि बटण दाबलं. लिफ्टमधल्या पडद्यावर झळकलं. सर्जापूर रोडवर माझ्याइतकी धूर्त बाई नसेल. नाव मरेपर्यंत सांगायचं नाही.

७ मार्च
गच्ची उघडली! वॉचमनसुद्धा हसत होता. मी गंभीर.

८ मार्च
सगळ्या जणी मंडळातल्या भागीरथीबाईंना विचारतायत, अक्का, तुम्हीच ना? त्या नाही म्हणाल्या नाहीत. स्वल्प लाजल्या! सांडग्यात हिंग किती घालायचा कळत नाही, त्या बाईला टक्कल सुचणार?

दुपारी
अश्लेषाला म्हटलं, उघड नाव. म्हणाली, आज्जी, तक्रारीशिवाय नाही. तूच सांग की, ‘मीच ती’ म्हणून. वा! स्वतःचं कौतुक स्वतः कोण सांगतं?

९ मार्च
तक्रार केली. माझ्यावर, मीच. बटण दाबून, बिननावी. ‘टकलाची चिठ्ठी लिहिणारी बाई उद्धट आहे, वय झालं तरी अक्कल नाही, नाव उघडा.’ लिहिताना जरा रंगलेच.

११ मार्च
उघडलं माझं नाव! टाळ्या! कृष्णमूर्ती स्वतः टकलावर हात फिरवत हसून गेले. भागीरथीबाईंना अचानक गॅसवरचं दूध आठवलं. मंडळातल्या यल्लव्वाने होळगी आणली, त्यांच्याकडची पुरणपोळी. चार खाल्ल्या. शुगरचं उद्यापासून बघू.

१२ मार्च, संध्याकाळी
यल्लव्वा पेटलीय. म्हणते, आमच्या गुणी आज्जींना बेअक्कल म्हणणारी ती चहाडखोर कोण? तिच्या चिठ्ठीवर आता माझी तक्रार, तिचंही नाव उघडा! मी म्हटलं, जाऊ दे गं, क्षमा करा बिचारीला. तर सगळ्यांचे डोळे भरून आले. किती मोठं मन म्हणे!
भागीरथीबाई म्हणाल्या, मतच घेऊ. नाव उघडायला हवं त्यांनी हात वर करा.
तेरा हात वर गेले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
मीही केला.